बदकाची वकिली

माधव,

तुझ्यावर दोन चांगले शब्द लिहून द्यावेत, असा निरोप तुझ्या मुलाने पाठवला आहे. तुझे नोकरीतले सहकारी एक स्मृतिपुस्तिका काढणार आहेत आणि तिच्यात बालमित्र म्हणून माझा लेख हवा आहे. अनिकेतने शब्दमर्यादा कळवली. विषयमर्यादा कळवायला तो विसरला. तो तुझा मुलगा असला तरी मुत्सद्दी नाही. दस्तऐवजात जो अपवाद लिहिलेला नाही तो गृहीत धरता येत नाही, हे मी पनवेलच्या न्यायालयात उभी हयात सांगत आलो. म्हणून लिहितो.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असा संकेत आहे. कायद्याचे म्हणणे थोडे वेगळे आहे. मृताचीही बदनामी होऊ शकते, असे कायदा एका ओळीत सांगतो. आणि सांगितलेली गोष्ट खरी व लोकहिताची असेल तर ती बदनामी नव्हे, असेही तोच कायदा काही ओळींनंतर सांगतो. मी दोन्ही ओळी वाचलेल्या आहेत. तू आयुष्यभर फक्त पहिली वाचून थांबलास.

आपण दोघेही वकील, असे तू लग्नाकार्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचास. लोकांना तो विनोद वाटे. पण जुन्या मराठीत परक्या दरबारी राहून आपल्या माणसांची बाजू मांडणारा, तोच वकील. आणि तो जिथे राहतो ती वकिलात. म्हणजे शब्दाच्या दृष्टीने मूळ वकील तू होतास, मी नंतरचा. मी पनवेलात बांधांची आणि भाऊबंदकीची भांडणे भांडलो. तू परदेशातल्या आपल्या वकिलातींत व्यापार विभाग सांभाळलास. माझे अशील मला चहाच्या टपरीवर भेटत, रडत आणि फी बुडवत. तुझे अशील तुला कधी भेटलेच नाहीत. एकदाच भेटले, तेही माझ्या घरी, माझ्या जेवणाच्या टेबलावर. त्या एका भेटीबद्दल मला बोलायचे आहे.

हिराबाई तुला आठवत असेल. न आठवण्याची सोय तू करून घेतली असशील, तर पुस्तिकेच्या वाचकांसाठी सांगतो. उरणच्या बाजूच्या कोळीवाड्यातली बाई, माझी अशील. मासे सुकवणाऱ्या बायकांचा गट तिने उभा केला होता आणि त्या गटाला दक्षिणेकडच्या एका शेजारी बेटावरून सुक्या बोंबलांची पहिली मागणी आली होती. त्या देशाचे नाव मी इथे घेत नाही. शेजाऱ्याचे नाव घेऊन तक्रार केली की ती तक्रार राहत नाही, ती घटना होते, हे तुझेच वाक्य. तू तेव्हा त्याच देशातल्या आपल्या वकिलातीत होतास आणि रजेवर पनवेलला आला होतास. याहून चांगला योग कोणता, असे मला वाटले. मीच तिला बोलावून घेतले.

तिने आणलेल्या कागदावर मालाचे नाव एजंटाने इंग्रजी अक्षरांत "बोंबील" असे लिहिले होते. तू चष्मा कपाळावर चढवलास.

"हे काय? बोंबील कोणाला कळणार? इंटरनॅशनल पेपरवर इंटरनॅशनल नाव लागतं, बाई. बॉम्बे डक."

"डक म्हंजी?" तिने विचारले.

"बदक."

ती माझ्याकडे वळली. "वकीलसायेब, आमी बदकं कवा पालली?"

तू मनापासून हसलास. मग तू तिला समजावलेस, की साहेबाने दिलेले हे जुने, रुळलेले नाव आहे आणि जगभर चालते. मी म्हटले, "चालत असेल. पण कागदावर जे लिहिलं असेल तेच त्या पेटीत आहे, असं समोरचा धरून चालणार. निदान कंसात बोंबील राहू दे."

"कंस हे खालच्या कोर्टाचं लक्षण आहे, बाळ्या," तू म्हणालास, आणि माझ्याच खिशातले पेन काढून तो शब्द खोडलास. व्यवस्थित, एका सरळ रेघेत. तुझे खोडणेसुद्धा सुंदर असे.

लहानपणी कर्नाळ्याच्या रानात तू असाच करायचास. झाडावर कुठलाही पक्षी दिसला की तू त्याला एक इंग्रजी नाव ठोकून द्यायचास. मी म्हणायचो, "कशावरून?" तू म्हणायचास, "ठामपणे म्हटलं की पक्षी हरकत घेत नाही." तू नाव ठेवायचास, मी नावे ठेवायचो. आपल्या मैत्रीचे याहून नेमके वर्णन मला आजवर सापडलेले नाही. पण पक्षी हरकत घेत नाही म्हणून कोणीच घेणार नाही, हे तुझे अनुमान चुकीचे होते.

माल गेला. त्याच सुमारास आपल्याकडे कोंबड्यांत साथ आली आणि त्या देशाने आपल्या कोंबड्या-बदकांवर बंदी घातली. बंदरावरच्या तिथल्या अधिकाऱ्याने कागद वाचला. कागदावर बदक होते. बदकाला बंदी होती. त्याने कंटेनर अडवला. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या खुर्चीत मी असतो तर मीही अडवला असता. त्याला मासा कळत नव्हता असे नाही, त्याला कागद कळत होता. पेटी उघडून बघा, असे तिथल्या व्यापाऱ्याने विनवले, तर त्याला उत्तर मिळाले, की बंदी असलेला माल उघडायलाही परवानगी लागते.

उपाय एकच होता आणि तो तुझ्या टेबलावर होता. मी तुला फोन केला.

"माधव, एक ओळ लिही. हा पक्षी नाही, मासा आहे. खाली तुझा शिक्का."

"इतकं सोपं नसतं ते. डेलिगेशन येतंय. मोठ्या सवलती टेबलावर आहेत. मोटारी आहेत, औषधं आहेत. मी आत्ता बदकावर पत्र दिलं, तर समोरचे म्हणतील, यांना स्वतःचा माल धड लिहिता येत नाही."

"मग ते बरोबरच म्हणतील."

"विषय कानावर घातलाय मी."

"कोणाच्या?"

"योग्य त्या."

कानावर घातलेल्या विषयाची पोच मिळत नाही. मी तुला पत्रे लिहिली. तू प्रत्येकाला उत्तर दिलेस, आणि त्या उत्तरांत इतका विनय होता की पुन्हा लिहायला लाज वाटावी. मला वाटली नाही. तुझे खरे कारण मला माहीत होते. पत्र द्यायचे म्हणजे नावात चूक झाली असे लिहायचे. आणि चूक झाली असे लिहिले की ती कोणी केली, हा पुढचा प्रश्न येतो. दोन देशांच्या संबंधांची ढाल तू पुढे धरलीस. तिच्यामागे एक पेन होते, आणि तेही माझे.

कंटेनर तिथल्या दमट हवेत पडून राहिला. उन्हात तापला, पावसात घामेजला. शेवटी परवानगी आली, पेटी उघडली, आणि आतला माल खराब झालेला निघाला. तसा अहवाल झाला: खाण्यास अयोग्य. तो अहवाल खरा होता, माधव. यातले क्रौर्य मला अजून पचत नाही. अडवण्याचे कारण खोटे होते, पण अडवल्यामुळे नाकारण्याचे कारण खरे झाले. बदकाचे प्रकरण मिटले आणि सडक्या मासळीचे सुरू झाले. हिराबाईच्या गटाचे नाव तिकडच्या नकोशा निर्यातदारांच्या यादीत गेले, आणि ते नाव आजही तिथेच आहे.

इकडे बाजारात तिला दुसरेच नाव पडले. बदकवाली. उरणच्या मासळीबाजारात ती पाटी घेऊन बसली की शेजारणी विचारत, "काय गो, आज अंडी नाय आनली?" ती हसून सोडून देई, असे तिची सून मला सांगते. एजंटाने सुचवले, गट मोडा, नव्या नावाने नोंदवा, सगळे पुसले जाईल. कायदेशीर सल्ला म्हणून तो चुकीचा नव्हता. मीही तिला तोच पर्याय समजावून सांगितला. तिने दोघांनाही एकाच उत्तरात वाटेला लावले. "नाव कनाला बदलू? मी काय चोरी केलीय?"

तुझी बढती झाली. शिष्टमंडळाची भेट यशस्वी झाली होती.

त्यानंतर तू हा प्रसंग विनोद म्हणून सांगू लागलास. तू तो अप्रतिम सांगायचास, हे मान्य करतो. अधिकारी कागद हातात धरून कंटेनरला कान लावून बदकाचा आवाज ऐकतो आहे, हा अभिनय तर तू स्वतःच्या पदरचा घातलास. प्रत्येक वेळी मी गप्प बसलो की तू माझ्याकडे बोट दाखवायचास. "हा हसणार नाही. याला हसायलाही कलम लागतं." मग लोक दुप्पट हसत.

तुझ्या निवृत्तीची मेजवानी पळस्प्याच्या हॉटेलात झाली, तेव्हा तू तो विनोद पुन्हा सांगितलास आणि शेवटी सहज एक शेपूट जोडलेस. "आणि खरी गंमत माहितेय का? तिथे त्याला बोंबिलीच म्हणतात. नारळात परतून करतात. फर्स्ट क्लास."

मी विचारले, "हे तुला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. आमचा कुक करायचा ना."

"म्हणजे माझ्या घरी बसून तो शब्द खोडलास, तेव्हा तुला माहीत होतं."

तू खरोखर चकित झालास. तुला लपवायचे काहीच नव्हते, हेच भयंकर होते. "अरे, ते बाजारातलं नाव. कागदावर कसं लिहिणार?"

त्या अधिकाऱ्याच्या आईने तो शब्द स्वयंपाकघरात हजारदा उच्चारला असेल. हिराबाईच्या आईनेही. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच शब्द होता, दोन देशांमध्ये याहून जुना करार तुला कोणत्या फायलीत सापडला असता? तो तू बाजारातला म्हणून खोडलास, आणि त्या जागी ज्या साहेबाचे राज्य दोन्ही देशांतून गेले त्याचा विनोद लिहिलास. तुझी सारी वकिली मला त्या रात्री एका वाक्यात कळली. तुला आपल्या माणसांची बाजू मांडायची नव्हती. आपल्या माणसांना बाजूला ठेवून मांडामांड करायची होती. मी हात धुऊन निघून आलो. तू दुसऱ्या दिवशी फोन केलास आणि माझ्या रक्तदाबाची चौकशी केलीस.

आता थोडे दुसरे लिहितो, नाहीतर साक्ष एकतर्फी होईल. माझी पत्नी गेली तेव्हा तू मिळेल त्या विमानाने आलास. माझ्या घरात राहिलास, चहा केलास, दारावर येणाऱ्या माणसांना परस्पर बसवलेस आणि परस्पर उठवलेस. सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीस. लोक बोलून मला सोलून काढत होते आणि तू न बोलता शेजारी बसून होतास. ते मौन मी जन्मात विसरणार नाही. पुढे ज्या मौनाने तू हिराबाईला बुडवलेस ते हेच होते, हे कळायला मला फार वेळ लागला. एकच हत्यार. माझ्यावर तू त्याची मूठ ठेवलीस, तिच्यावर पाते.

बोंबील सुकवताना दोन-दोन मासे एकमेकांच्या जबड्यांत जबडा अडकवून दोरीवर टाकतात. एक इकडे लोंबतो, एक तिकडे. सुटे केले तर दोन्ही पडतात. आपण तसे होतो. प्रेमाने मिठी मारून नव्हे, दात रुतवून एकमेकांना धरून. तू पडलास आणि मी दोरीवर एकटा राहण्याचा प्रयत्न करतो आहे. ते जमत नाही, याचाही मला तुझ्यावर राग आहे.

यंदा हिराबाईच्या सुनेने त्याच नावाने पुन्हा परवाना मागितला. तिकडून उत्तर आले, की पूर्वीच्या नोंदीचा खुलासा संबंधित अधिकाऱ्याकडून सादर करावा. संबंधित अधिकारी उलव्याच्या उंच इमारतीत, खिडकीशी, नाकात नळी घालून बसला होता आणि उतरणारी विमाने पाहत होता. मी मजकूर टंकून आणला होता. माल मासळीचा होता, नाव मी बदलले, माल पाठवताना चांगला होता. फक्त सही हवी होती.

तू कागद वाचलास. अल्पविराम दुरुस्त केलास. मग तो घडी करून उशीखाली ठेवलास आणि म्हणालास, "बघतो."

मराठीत याचा अर्थ काय होतो, हे सांगायला मला दुभाषा लागत नाही.

"आता कशाला भितोस?" मी म्हटले. "पेन्शन कापणार आहेत का?"

"तसं नाही रे. लोकांना ती गोष्ट आवडते." थोडा दम घेऊन तू म्हणालास, "मी गेल्यावर तूच माझी बाजू मांड. तू वकील आहेस."

उशीखालचा कागद सहीविनाच राहिला. अनिकेतने चादरींबरोबर तो टाकून दिला. त्याचा दोष नाही. सही नसलेला कागद म्हणजे कागदच.

दहाव्याला गाढी नदीच्या काठी आम्ही कावळ्याची वाट पाहत उभे होतो. पिंडाला कावळा शिवेना. अनिकेत उघड्या अंगाने उन्हात ताटकळला होता. तुझा पुतण्या मागून हळूच म्हणाला, "काकांसाठी बदक बोलवा," आणि चार-पाच जण उपरण्यात तोंड लपवून हसले. तुला आवडले असते. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. जवळच्या कोणी तरी शब्द द्या, तुमचं राहिलेलं आम्ही करू म्हणून." सगळे माझ्याकडे बघू लागले.

"काका, बोला ना काहीतरी," अनिकेत म्हणाला.

मी बोललो नाही. तुझ्याकडून एवढे मी शिकलो आहे.

तेव्हा मागून हिराबाई पुढे आली. तिला कोणी बोलावले नव्हते. ती पिंडापासून जरा दूर उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात बोलली, बाजारात गिऱ्हाइकाशी बोलावे तसे.

"जा सायेब. माजं म्हननं काय नाय आता. जाताना तेवडं बदक घेऊन जा."

कोणी हसले नाही. कावळा तरीही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. गवताच्या त्या काडीला सर्वांनी कावळा मानले, नमस्कार केला आणि पांगले. तुझ्या शेवटच्या कागदपत्रातही पक्षी खोटाच होता, आणि या वेळी कोणीही तो अडवला नाही.

तुझी बाजू मांडावी, असे तू सांगितले होतेस. ते शक्य नाही. अशील मरण पावला की वकीलपत्र संपते. त्यानंतर त्याच्या वतीने मला ना बचाव करता येतो, ना कबुली देता येते. हिराबाईने तिची तक्रार मागे घेतली. तो तिचा अधिकार आहे. साक्षीदाराला तसा अधिकार नसतो. त्याला माघार घेता येत नाही, आणि मी आता एवढाच उरलो आहे.

ही पुस्तिका त्या बेटावरच्या वकिलातीतही पाठवणार आहेत, असे अनिकेत म्हणाला. संपादकांनी हा लेख गाळला, तर त्याची प्रत मी स्वतः पोचपावतीसह पाठवीन, तिथल्या बंदरावरही. तेव्हा जे मी डोळ्यांनी पाहिले ते इथे लिहून खाली सही करतो. माल निघण्याआधी मी हिराबाईच्या अंगणात गेलो होतो. माल स्वच्छ होता, खडखडीत वाळलेला होता, हातात कट्कन मोडत होता. कागदावर त्याचे खरे नाव लिहिलेले होते. ते माझ्या टेबलावर, माझ्या समक्ष, माझ्या पेनाने तू खोडलेस. ते नाव मी आज पुन्हा लिहितो, कंसाबाहेर.

बोंबील.